दोरीचं दुसरं टोक

मानवी संस्कृतीचा सारा इतिहास म्हणजे वाकड्याकडून सरळाकडे झालेला प्रवास होय. शेताचा बांध, देवळाचा खांब, पाण्याचा पाट, घराची भिंत... ज्या दिवशी माणसानं दोन बिंदूंमध्ये पहिली सरळ रेषा मारली, त्या दिवशी तो खऱ्या अर्थानं माणूस झाला.

हे मी आमच्या म्हसरूळच्या घराच्या पोर्चमध्ये, नऊ फूट लांबीच्या एका सागवानी फळीवर उभा राहून बोललो. श्रोते दोन होते. त्यातले पुंजाराम मिस्तरी तंबाखू मळत होते. दुसरी श्रोती आमची साधना. ती म्हणाली, "आधी फळीवरून खाली उतरा. चपला घालून उभे आहात."

उतरलो. चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवल्यानं सरळ रेषेबद्दल बोलायची मला सवय आहे, आणि मध्येच थांबवलं जाण्याचीही.

फळी साधनाच्या माहेरची. तिच्या वडिलांचं, अण्णांचं, सटाण्याला कापडाचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला, दुकान गेलं, आणि भावांनी विचारलं, ताई, तुला काय पाहिजे? ही म्हणाली, फळी. वडील ज्या फळीवर बसून कापड मापायचे ती. लहानपणी रोज रात्री दुकान बंद झाल्यावर त्याच फळीवर बसून हिनं पाढे पाठ केले होते. आता तिला त्या फळीचा झोपाळा हवा होता, आणि तोही आखाजीच्या आत. तिच्या बागलाणात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी लेकी माहेरी येतात आणि झोके घेतात. आई-वडील गेल्यापासून साधना आखाजीला सटाण्याला गेली नव्हती.

"माहेर आता इथंच टांगायचं," ती म्हणाली. यावर नवऱ्यानं काही बोलायचं नसतं. मी कड्या आणि साखळ्या आणून दिल्या.

काम तसं एका रेषेचं होतं. फळीची पुढची कड सरळ होती. मागची, भिंतीकडची, वाळवीनं कुरतडली होती. सरळ कडेपासून अठरा इंचांवर एक रेषा मारायची आणि पलीकडचं कापून टाकायचं. अठरा इंच हा आकडा साधनानं फरशीवर मांडी घालून, स्वतः मोजून काढला होता. अठरा इंचांत मांडी मावते. सतरा इंच ठेवलं की त्याचं बाकडं होतं. आणि बाकडं स्टँडवर असतं, माहेरी नसतं, असं तिचं म्हणणं.

बाकी तीन सुतार येऊन गेले होते. तिघांनी फळी बघितली, हात फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, यावर सनमायका मारून टाकू." तिघांनाही चहा न देता परत पाठवण्यात आलं. पुंजारामांनी हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "अशी फळी आता नाय भेटत." त्यांना चहा मिळाला, दोनदा.

पुंजाराम मखमलाबादचे. वय सत्तरच्या आसपास, बोलणं कमी, तंबाखू जास्त. ते कामाला कधी एकटे येत नाहीत. सोबत त्यांची बायको नवसाबाई असते. कारण दोरी. लांब फळीवर रेषा मारायची तर गेरूच्या पाण्यात भिजवलेली दोरी दोन टोकांना दाबून धरायची, ताणायची, आणि मधोमध उचलून सोडायची. फट्‌कन आवाज येतो आणि फळीवर लाल रेषा उमटते. एका टोकाला पुंजाराम, दुसऱ्या टोकाला नवसाबाईंचा अंगठा. चाळीस वर्षं हेच. आणि चाळीस वर्षं संवादही तोच.

"धरली का?"

"धरली."

"नीट धर."

"नीटच हे."

"खुणेवर धर, खुणेवर! कुठं बघती?"

"तुमच्याकडंच बघती. दुसरं बघण्यासारखं काय हे इथं?"

फट्‌.

मग नवसाबाई उठतात, पदराला अंगठा पुसतात आणि भाजी निवडायला, नाहीतर जिथं काम चालू असेल त्या घरच्या बाईशी बोलायला निघून जातात. अर्ध्या तासानं पुन्हा हाक येते, "अगं ए, दोरी!" थापत असलेली भाकरी तव्यावर टाकून त्या दोरी धरायला आल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. ती भाकरी करपली. त्याबद्दलही त्यांनाच बोलणी बसली.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मी मध्ये पडलो.

माझा पुतण्या शेखर याचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस आहे. मागच्या हिवाळ्यात तो पॅकिंगची मशिनरी बघायला चीनला गेला होता, आणि तिथल्या जुन्या बाजारातून माझ्यासाठी एक वस्तू घेऊन आला. वीतभर लांब, काळपट लाकडाची, माशाच्या आकाराची. डोक्याकडे वाटीसारखा खळगा, शेपटीकडे बोटानं फिरवायची चाकी, चाकीला गुंडाळलेला रेशमी दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला एक छोटी लोखंडी खुंटी.

"काय आहे रे हे?" मी विचारलं.

"माहीत नाही काका. पण लाकूड बघा ना."

मी ती पतंगाची आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची फिरकी, ठरवली. शेजारी म्हणाले, मासे पकडायचं काहीतरी असणार. साधनानं कुणालाच न विचारता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खळग्यात कुंकू भरलं. तळाशी जुनी शाई वाळून बसली होती हे नंतर कळलं. त्या संध्याकाळी गल्लीतल्या सतरा सुवासिनी चॉकलेटी कपाळ घेऊन घरी गेल्या. तेव्हापासून मासा शोकेसमध्ये होता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मी फळीवरून खाली उतरल्यानंतर, पुंजाराम पाणी प्यायला आत आले आणि शोकेससमोर थांबले. पाणी प्यायचं राहिलं. त्यांनी हात धोतराला पुसले.

"सर, हे काढा बाहेर."

काढलं. त्यांनी चाकी फिरवली, खळग्यात बोट घातलं, खुंटी अंगठ्यावर टोचून पाहिली आणि हळूच म्हणाले, "हे सुताराचं हे."

"कशावरून?"

"या वाटीत शाई. शाईत कापूस. दोरा कापसातून ओला होऊन भाईर येतो. ही खुंटी लाकडात रोवायची, दोरा ताणायचा, मारायचा. दुसरं माणूस लागतच नाय."

दुसरं माणूस तेव्हा पोर्चमध्ये बसून साधनाला वांग्याच्या भाजीत काय कमी पडतं ते सांगत होतं.

मला फार आनंद झाला. एका वृद्ध बाईची चाळीस वर्षांची वेठबिगारी माझ्या शोकेसमुळे संपणार होती. मी बाहेर जाऊन ही बातमी समारंभपूर्वक दिली. नवसाबाईंनी ती ऐकली, माशाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हंजे मी नको?"

"नको," पुंजाराम म्हणाले. "खुंटी बोलत नाय. तेवढंच सुख."

"मग देवळ्याला लेकीकडं जाते मी. दीपमालाचा कांदा काढायला आलाय. कवाची बोलावती पोरगी."

"जा की. कोण धरतंय?"

"तेच ना. इतके दिस मीच धरत व्हते," असं म्हणून नवसाबाईंनी पिशवी उचलली आणि त्या दुपारच्या एसटीनं लेकीकडे निघूनही गेल्या. जाताना साधनाला मात्र म्हणाल्या, "ताई, फळी जपा हां." आम्हाला वाटलं, सहज म्हणाल्या असतील.

लगेच काम सुरू होईल अशी माझी समजूत होती. पण नवं हत्यार पूजेशिवाय वापरायचं नाही, हा पुंजारामांचा नियम. चिनी माशाला पाटावर बसवलं, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी चाकीत गेलं. लाकूड फुगलं, चाकी अडकली. मासा चार दिवस गच्चीवर उन्हात वाळत पडला. पाचव्या दिवशी चाकी फिरली, पण दोऱ्याला खोबऱ्याचा वास लागला होता आणि त्याला मुंग्या लागल्या. त्या जाईपर्यंत आणखी तीन दिवस गेले.

"आखाजीला बावीस दिवस राहिलेत," साधना म्हणाली.

"वहिनी, घाई नका करू. आधी साध्या फळीवर हात बसवतो."

हे शहाणपणाचं होतं. साधी फळी म्हणून स्वयंपाकघरातल्या मांडणीची नवी फळी ठरली. माझ्या पेनच्या शाईची अख्खी बाटली कापसात ओतली. पुंजारामांनी आपला टेप काढला, दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खुणा केल्या, एका खुणेवर खुंटी रोवली, दुसऱ्या खुणेवर दोरा दाबला आणि मारला. फट्‌. केसासारखी बारीक, निळी, देखणी रेषा. चौतीस वर्षांत फळ्यावर माझ्या हातून अशी निघाली नाही. आम्ही दोघं तिच्याकडे बराच वेळ बघत राहिलो. मग त्यांनी कापलं.

फळी मांडणीत बसवल्यावर साधनानं डबे लावले. डाव्या बाजूचे डबे मजेत मागे बसले. उजवीकडे डाळीचा डबा अर्धा हवेत.

"इकडे फळी अरुंद आहे," ती म्हणाली.

मोजलं. डावीकडे बरोबर. उजवीकडे एक इंच कमी.

"खुंटी हलली आसंल," पुंजाराम म्हणाले.

पुढचा प्रयोग चपलांच्या कपाटाच्या फळीवर झाला. या वेळी मी स्वतः खुंटीजवळ चष्मा लावून बसलो. खुंटी खुणेवर होती, हललीही नाही. रेषा पुन्हा देखणी. आणि फळी पुन्हा एका टोकाला एक इंच कमी.

"दोरा ओला झाला की ताणतो," पुंजाराम म्हणाले.

"ताणला तरी सरळच राहील ना, मिस्तरी."

"चिनी हे, सर. त्यांचं सरळ येगळं असंल."

तिसरा प्रयोग कोचामागच्या पुस्तकांच्या फळीवर. मी आधी गुण्या लावला, काटकोन तपासला, पोर्चच्या फरशीचा उतार पाहिला, दोऱ्याचा ताण पाहिला, वारा कुठून येतोय तेही पाहिलं. एवढी कसून तपासणी मी दहावीच्या पेपरांचीसुद्धा केली नाही. एक इंच कमी. पुस्तकं उजवीकडून एकेक करत कोचावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात पडू लागली. तो माणूस मीच होतो.

खुंटी पाहिली, दोरा पाहिला, शाई पाहिली. खुणांवर मात्र संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. भूमिती शिकवण्याचा हा मोठा तोटा. 'पक्ष' म्हणून जे दिलेलं असतं ते खरं धरायचं आणि पुढे सिद्धता लिहायची, अशी सवय लागते. पुंजारामांची खूण हा पक्ष होता.

घरात आता तीन फळ्या एका बाजूला बारीक होत गेलेल्या होत्या. आखाजीला पाच दिवस होते. सकाळी पुंजाराम मासा घेऊन सागवानी फळीकडे निघाले, तेव्हा साधना पोर्चमध्ये आडवी उभी राहिली. ती एरवी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलते. पण डोकं फिरलं की थेट सटाण्याला पोहोचते.

"मनी फळीले हात लावानं नई!"

पुंजाराम जागच्या जागी थांबले. "वहिनी, या बारीला—"

"काय या बारीला? तीन बाऱ्या झाल्या. अण्णांची एकच फळी आहे माझ्याकडे, दुसरी कुठून आणू? नवसाबाईंना बोलवा."

"ती काय करणार? निस्ती दोरी धरती."

"मग निस्ती धरू द्या. त्यांच्या हातनं एक तरी फळी तिरकी निघाली का आजवर?"

पुंजारामांनी आठवून पाहिलं. तंबाखू मळायची विसरले, इतकं आठवलं. निघाली नव्हती.

फोन मीच लावला. पलीकडे कांद्याच्या चाळीतला गलका ऐकू येत होता.

"नवसाबाई, परत या. काम अडलंय."

"काय झालं सर? खुंटी बोलाया लागली का?"

"तसं नाही, पण रेषा बिघडतेय. एका टोकाला—"

"एक इंच कमी पडतंय," त्या म्हणाल्या.

मी फोन कानापासून दूर नेऊन त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"येते उद्या. आत्ता कुठं जरा बसले व्हते लेकीकडं. तिथंबी तुमचा मासा माझ्या मागं लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्या आल्या. पाणी प्यायल्या, साधनाच्या मांडणीतल्या हवेत लटकलेल्या डब्याकडे पाहून नुसतंच "हं" म्हणाल्या, आणि जुनी सुती दोरी गेरूत बुडवून पोर्चमध्ये आल्या. पुंजारामांनी मासा मुकाट्यानं बाजूला ठेवला. सागवानी फळीच्या दोन्ही टोकांना टेप धरून खुणा केल्या. नवसाबाई पलीकडच्या टोकाला उकिडव्या बसल्या. साधना दारात, पदराचं टोक मुठीत धरून.

"धरली का?"

"धरली."

"खुणेवर धर."

आणि मला ते दिसलं. इतके दिवस खुंटीजवळ बसून बसून माझं लक्ष आपोआप त्याच टोकाकडे होतं. नवसाबाईंनी दोरी खुणेवर ठेवली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि अंगठा हळूच खुणेच्या बाहेर सरकवला. अंगठ्याच्या एका पेराइतका.

"अहो!" मी ओरडलो. "खूण इकडे राहिली!"

"सर, तुम्ही बाजूला व्हा. सावली पडती."

"पण दोरी खुणेवर नाहीये!"

पुंजाराम आपलं टोक गुडघ्याखाली दाबून वाकले आणि पाहिलं. "ए, काय करती गं? चाळीस वर्सं झाली, अजून खूण दिसत नाय तुला?"

"खूण दिसती. खूण चुकीची हे."

समोरच्या बंगल्यातल्या कुकरनं शिट्टी दिली.

"तुमच्या टेपाचं म्होरचं टोक तुटलेलं हे," नवसाबाई दोरी न सोडता म्हणाल्या. "बारा वर्सांपूर्वी तुटलं. पहिला इंचच नाय त्याला. तुम्ही एकापासून मापता. त्या टोकाला ध्यानात ऱ्हातं, एक वाढवून खूण करता. मग उठता, कमरेवर हात ठेवता, मला चार शब्द बोलत या टोकाला येता. तवर इंच इसरता. दर बारीला. म्हणून मी अंगठा सरकवते."

"बारा वर्सं?"

"मग काय!"

"अन्‌ सांगितलं नाय?"

"सांगितलं आसतं तर तुम्ही भांडला आसता. अंगठा सरकवाया काय लागतं?"

मी माझी शाळेतली लाकडी पट्टी आणली. सरळ कडेपासून मोजलं. पुंजारामांची खूण सतरा इंचांवर होती. नवसाबाईंचा अंगठा अठरावर. बरोबर अठरावर, कुठं सुताइतकाही फरक नाही. साधनानं दारातूनच मोठा श्वास सोडला. गरीब बिचारा चिनी मासा! त्याला सांगितली तेवढीच खूण त्यानं प्रामाणिकपणे पाळली, आणि आमची चूक तीन वेळा अगदी सरळ मारून दाखवली.

पुंजारामांनी टेप हातात घेतला. त्याचं तुटकं टोक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मखमलाबादच्या निम्म्या घरांची दारं, एका शाळेची बाकं, दोन देवळांचे दरवाजे, बारा वर्षांतलं सगळं काम त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. मग त्यांनी घसा साफ केला. या माणसाच्या तोंडून एका वेळी पाच वाक्यांपेक्षा जास्त मी कधी ऐकलं नव्हतं.

"सर," ते म्हणाले, "लोक म्हणतात पुंजारामच्या हातात सफाई हे. मी बी तेच समजत व्हतो. तालुक्यात नाव झालं. लग्नात लोक म्होरं बसवतात, नारळ देतात. अन्‌ ते सगळं हिच्या अंगठ्यावर उभं व्हतं. मी हिला धर म्हणलो, नीट धर म्हणलो, आंधळी म्हणलो. हिनं एकदाबी—"

मलाही राहवलं नाही. मी एक पाऊल पुढे झालो. म्हणालो, मिस्तरी, हे फक्त तुमच्या घरातलं नाही. जगातल्या प्रत्येक सरळ रेषेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी न बोलता बसलेलं असतं. इतिहासात नाव पहिल्या टोकाचं लागतं. आज या पोर्चमध्ये, या फळीच्या साक्षीनं, आपण दुसऱ्या टोकाला—

साधना डोळे टिपत होती. पुंजारामांनी टोपी काढून हातात घेतली होती. मी पुढचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात फळीच्या पलीकडून आवाज आला.

"बोलणं झालं आसंल तर दोरी मारा ना एकदाची. माझ्या पायाला मुंग्या आल्यात."